सरकारी दवाखान्यात गोळी मिळते, मग बोलायला माणूस का मिळत नाही?

माझ्या मावसबहिणीला ओसीडी आहे, मनाचा आजार, ज्यात तीच भीती आणि तीच कृती पुन्हा पुन्हा होत राहते. म्हणजे हात धुवायचे, मग नळ बंद करताना नळाला हात लागला म्हणून परत धुवायचे, मग नळ नीट बंद झाला का बघायला परत जायचं, असं करत सकाळचे दीड-दोन तास मोरीतच जायचे. घरच्यांना आधी वाटलं सोवळं पाळतेय, मग वाटलं नाटकं करतेय, मग कोणीतरी म्हणालं बाहेरचं काही आहे का बघून घ्या, ते पण बघून झालं आणि शेवटी आम्ही सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत पोचलो. कुठलं हॉस्पिटल ते सांगत नाही, कारण जे आमच्या बाबतीत झालं ते थोड्याफार फरकाने कुठेही होतं.

डॉक्टर चांगले होते हे आधी सांगते. चार मिनिटांत त्यांनी बरोबर निदान केलं, गोळ्या लिहून दिल्या, त्या खाली खिडकीवर फुकट मिळाल्या, आणि केसपेपरच्या खालच्या कोपऱ्यात एक शब्द लिहिला, "समुपदेशन". त्या एका शब्दाच्या मागे फिरण्यात आमचे आठ महिने गेले.

पहिल्या दिवशी आम्ही "समुपदेशन केंद्र" अशी पाटी बघून आत गेलो तर तिथल्या ताईंनी विचारलं, टेस्ट करायची आहे का? ते एचआयव्ही तपासणीचं केंद्र होतं. त्यांनीच बाहेर येऊन पुढची खोली दाखवली, तिथे "मैत्री क्लिनिक" लिहिलेलं, ते किशोरवयीन मुलामुलींसाठी, माझी बहीण चौतीस वर्षांची. तिसऱ्या खोलीला कुलूप, आज मॅडम कॅम्पला गेल्यात. हे वाचून हसू येईल पण सरकारी दवाखान्यात समुपदेशक नावाची बरीच वेगवेगळी पदं असतात, प्रत्येकाचं काम वेगळं, पगार वेगळ्या योजनेतून, आणि पाटीवर शब्द मात्र एकच.

तर आधी कोण कोण असतं ते सांगते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, हे गोळ्या लिहू शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रात एमए करून त्यावर दोन वर्षांचं हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग घेतलेले, ज्यांची नोंदणी दिल्लीच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. हे गोळ्या देत नाहीत, बोलून उपचार करतात आणि चाचण्या घेतात. सायकियाट्रिक सोशल वर्कर घर, नोकरी, कुटुंब, योजना हे सगळं बघतात आणि बऱ्याचदा खरं काम तेच करतात. आणि समुपदेशक हा शब्द इतका सैल आहे की तीन महिन्यांचा कोर्स केलेलाही समुपदेशक आणि वीस वर्षं काम केलेलाही समुपदेशक. २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी जो कायदा केला त्यात समुपदेशकांनाही धरलंय, पण आपल्या गल्लीतली पाटी अजून तशीच आहे.

आता मुख्य मुद्दा. बोलून उपचार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, कोणीतरी शांत माणूस समोर बसलाय आणि आपण मन मोकळं करतोय. ते चांगलंच आहे, पण ते म्हणजे अख्खी थेरपी नाही. "ताप आलाय, औषध द्या" असं म्हटल्यावर डॉक्टर मलेरिया आहे का टायफॉइड हे बघतात ना, तसंच इथेही प्रकार आहेत. विचारांची गाठ सोडवणारी सीबीटी आहे. तिच्याच घरातली आरईबीटी आहे, जी आपल्याकडे कि. मो. फडके आणि नंतर डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यामुळे मराठीत चांगली रुजली, विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात तिला. डिप्रेशनमध्ये माणूस अंथरुणातून उठत नाही तेव्हा विचारांत न शिरता आधी छोट्या छोट्या कामांना लावणारी पद्धत आहे. अपघात, अत्याचार, दंगल यातून गेलेल्यांसाठी वेगळ्या पद्धती आहेत. नवरा-बायकोसाठी वेगळ्या, दारूसाठी वेगळ्या.

आणि ओसीडीसाठी ईआरपी नावाची पद्धत आहे. त्यात ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ पायरीपायरीने जायचं, म्हणजे आधी चपलेकडे बघायचं, मग चपलेला बोट लावायचं, आणि नंतर हात धुवायचे नाहीत, भीती आपोआप खाली येईपर्यंत बसून राहायचं. ऐकायला क्रूर वाटतं पण ओसीडीमध्ये बोलून उपचार म्हटलं की तज्ज्ञ पहिलं नाव हिचंच घेतात.

चौथ्या फेरीला आम्हाला जे समुपदेशन मिळालं ते असं: सकारात्मक विचार करा, मन रमवा, प्राणायाम करा, आणि हात धुवावेसे वाटले की स्वतःला सांगा की माझे हात स्वच्छ आहेत. मनापासून सांगितलं हो त्या बाईंनी, वीसेक मिनिटं दिली, पाणी विचारलं. पण ओसीडीत "माझे हात स्वच्छ आहेत" असं स्वतःला सांगत राहणं हेच आजाराचं खाद्य असतं. दिवसातून चार वेळा सांगायचं ते मग चाळीस वेळा सांगायला लागतं. बहीण दोन आठवड्यांत आधीपेक्षा वाईट झाली, आणि घरात सगळे म्हणायला लागले, बघ, ते काउन्सेलिंग पण करून झालं.

उपचार न मिळणं एकवेळ परवडलं, पण चुकीचा मिळाला की माणूस त्या दाराकडे परत फिरकत नाही. आणि आपल्याला चुकीचा मिळाला हे त्याला कळतही नाही, त्याला वाटतं थेरपी माझ्यावर चालत नाही, माझंच डोकं कामातून गेलंय.

मग योग्य थेरपी का मिळत नाही? सगळ्यात आधी गणित. सकाळी नऊ ते एक ओपीडी म्हणजे २४० मिनिटं. सत्तर पेशंट आले तर प्रत्येकाला साडेतीन मिनिटं सुद्धा येत नाहीत. साडेतीन मिनिटांत काय बसतं? गोळी बसते. म्हणून डॉक्टर गोळी लिहितात, त्यात त्यांचा आळस नाही आणि गोळीही वाईट नाही, ओसीडीत गोळीने बऱ्याच जणांना खरोखर फरक पडतो (आणि कृपा करून कोणी हे वाचून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका). पण थेरपीचं एक सेशन पाऊण तासाचं असतं, ते घड्याळ लावून चेपता येत नाही.

आता एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट धरा जो दिवसाला सहा सेशन करतो, आठवड्याला ३०, वर्षाचे ४८ आठवडे, म्हणजे १४४० सेशन. एकेका माणसाला साधारण १० लागतात असं धरा. झाले वर्षाला १४४ जण. जिल्हा धरा ३० लाखांचा, आपल्याकडे असे बरेच आहेत, आणि त्यातल्या शंभरातल्या फक्त एकाला बोलून उपचार हवाय असं धरा, तरी ३० हजार लोक झाले. एका माणसाने सगळ्यांना बघायचं म्हटलं तर २०८ वर्षं लागतील. हे माझं कागदावरचं गणित आहे, अभ्यास वगैरे नाही, पण केसपेपरवर समुपदेशन लिहिणं किती सोपं आणि ते देणं किती अवघड हे त्यातून कळतं.

बरं तो माणूस दिवसाला सहा सेशन घेतो हे तरी कुठे खरं आहे. सरकारी हॉस्पिटलमधल्या सायकॉलॉजिस्टचा मोठा वेळ जातो बुद्ध्यांक चाचण्यांमध्ये. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मुलांची आयक्यू टेस्ट लागते, त्याशिवाय पेन्शन नाही, सवलत नाही, त्यामुळे आई-बाप लांबून पोरांना घेऊन येऊन बसलेले असतात आणि त्यांना थांबवणार कोण. शिवाय तालुक्याला कॅम्प, शाळेत व्याख्यान, आशाताईंचं ट्रेनिंग, तुरुंगाची भेट, आणि महिन्याचा रिपोर्ट. रिपोर्टमध्ये रकाना असतो किती पेशंट पाहिले याचा. किती जण बरे झाले याला रकाना नाही. आता एकाच पेशंटबरोबर पाऊण तास बसणारा माणूस त्या रिपोर्टात आळशी दिसणार की नाही?

आणि पुष्कळ पदं कंत्राटी. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, १९९६ पासून कर्नाटकातल्या बेल्लारीच्या अनुभवावरून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, कल्पना उत्तम होती की माणसाला येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयापर्यंत जायलाच लागू नये, त्याच्या जिल्ह्यात एक टीम असावी, डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स. कागदावर टीम आहे. पण थोड्या थोड्या मुदतीच्या ऑर्डरवर, खासगीपेक्षा कमी पगारात, जिल्ह्याच्या ठिकाणी तो सायकॉलॉजिस्ट किती वर्षं टिकणार? पुण्या-मुंबईत एका सेशनचे हजार-दीड हजार, कुठे अडीच हजार मिळतात. तो गेला की पद रिकामं, आणि थेरपीत तर माणूस बदलला की पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. रक्तदाबाची गोळी कोणत्याही डॉक्टरच्या हातून घेतली तरी तीच असते. इथे समोर बसलेला माणूस हेच अर्धं औषध.

नवीन लोक तयार होण्याचा वेगही बेताचाच. ज्या एमफिलवर (म्हणजे वर सांगितलेलं दोन वर्षांचं ट्रेनिंग) हे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तयार व्हायचे त्याच्या जागा आधीच मोजक्या, त्यात २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एमफिल ही पदवीच बंद करायचं ठरवलं, मग मुदतवाढ, मग नवीन कोर्स, या सगळ्या गोंधळात विद्यार्थी बिचारे लटकलेले.

२०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या केंद्रीय संस्थेने १२ राज्यांत मोठा सर्व्हे केला होता, महाराष्ट्र त्यात नव्हता, पण चित्र आपल्याला परकं नाही. मनाचे आजार असलेल्यांपैकी उपचारच न मिळालेल्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघालं. यात साधी गोळीही न मिळालेले लोक आले, थेरपी तर लांबच राहिली.

दोन गोष्टी अशा आहेत की ज्या कुठल्या सर्व्हेत येत नाहीत. एक म्हणजे खोली. ओपीडीत एका टेबलाला दोन डॉक्टर, मागे नातेवाईक उभे, दारातून पुढचा नंबर डोकावतोय. सासू शेजारी बसलेली असताना सून काय सांगणार? "काही नाही, डोकं दुखतं." मग डोकेदुखीची गोळी. दुसरी गोष्ट भाषा. शिक्षण सगळं इंग्रजीतून झालेलं, त्यामुळे नवी मुलं मनापासून विचारतात "तुम्हाला अँक्झायटी फील होते का", आणि समोरची काकू म्हणते "नाही बाई, फक्त जीव घाबरा होतो, करमत नाही आणि छातीत धडधडतं." तिने अँक्झायटीच सांगितली की हो! आणि "बाउंड्री ठेवा" हा सल्ला सहा माणसं दोन खोल्यांत राहतात तिथे कसा पाळायचा हे कोणत्या पुस्तकात आहे देव जाणे.

त्यात येण्याजाण्याचा खर्च. उपचार फुकट आहे हे खरं, ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे. पण दर आठवड्याला एक दिवसाची मजुरी बुडवून दहा आठवडे यायचं, ते कोणाला परवडतं? आणि खासगीत जायचं तर मेडिक्लेम बहुतेकदा ऍडमिट झालात तरच, बसून बोलण्याचे पैसे पॉलिसीत सहसा बसत नाहीत, जरी कायदा म्हणतो की विम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच वागवा.

कायदा म्हणजे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला. हा कायदा वाचण्यासारखा आहे. कलम १८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की सरकारी पैशावर चालणारी मानसिक आरोग्य सेवा हा प्रत्येकाचा हक्क आहे, परवडणारी, चांगल्या दर्जाची, पुरेशी आणि जवळ. इतकंच नाही, जिल्ह्यात ठरवून दिलेली किमान सेवा मिळत नसेल तर जिल्ह्यातच दुसरीकडे घ्या आणि खर्च सरकारने द्यायचा, असंही आहे. मी हे ओपीडीत एकदा बोलून दाखवलं, तर सिस्टरांनी माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघितलं की मीच गप्प बसले. आणि कलम ३१ सांगतं की कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत लोकसंख्येच्या मानाने तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणापर्यंत न्यायचा प्रयत्न सरकारने करायचा. दहा वर्षं म्हणजे मे २०२८.

मग काय, एवढे सायकॉलॉजिस्ट तयार होईपर्यंत वाट बघत बसायचं का? इथे मला गोव्याची गोष्ट सांगायला आवडते, कारण ती आपल्या शेजारची आहे. संगाथ ही संस्था तिथे १९९६ पासून आहे, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना ट्रेनिंग दिलं, प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवलं, आणि डिप्रेशनच्या पेशंटना सहा ते आठ भेटींची एक साधी थेरपी दिली, तीच वर सांगितलेली, छोट्या कामांना लावणारी. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निकाल आला. तीन महिन्यांनी ज्यांना ही थेरपी मिळाली त्यातले ६४ टक्के डिप्रेशनमधून बाहेर आलेले, आणि ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यातले ३९ टक्के. हे लोक सौम्य आजाराचे नव्हते, चांगले गंभीर डिप्रेशनचे होते.

आपल्याकडेही झालंय. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प होता, तिथे डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. नाशिकच्या पेठ तालुक्यात पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजच्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्राने आत्मीयता नावाने ४१ गावांत गावातलीच माणसं तयार केली, जी शेजाऱ्याचं ऐकून घेतील आणि गरज पडली तर पुढे पाठवतील. म्हणजे कसं करायचं हे माहीत आहे. प्रकल्प संपला, पैसे संपले की ते सरकारी व्यवस्थेत कायमचं शिरत नाही, तिथे गाडी अडते.

पण या मॉडेलवर मी सरसकट खूश होत नाही. डिप्रेशन, काळजी, ताण यासाठी ते छान चालतं. ओसीडी, जुना अत्याचार, बायपोलर (म्हणजे कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाची उदासी) यांना तज्ज्ञ लागतोच. फायदा असा की साधे पेशंट खाली हाताळले गेले तर वरचा तज्ज्ञ मोकळा होतो. आत्ता तज्ज्ञ आयक्यू टेस्ट घेतोय आणि अवघड ओसीडीला प्राणायाम मिळतोय.

फोनचं म्हणाल तर टेली-मानस आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठी बोलणारी माणसं मिळतात. रात्री दोन वाजता जीव नकोसा झाला तर हा नंबर लावा, खरंच लावा, त्यासाठीच तो आहे. पण दहा आठवडे त्याच माणसाशी बोलायची थेरपी म्हणून त्याच्याकडे बघू नका, त्याचं काम वेगळं. तिथून जवळच्या केंद्राची माहिती मिळते तीही उपयोगाची.

आम्ही आठ महिन्यांत जे शिकलो ते सांगते, कोणाचे तरी फेरे वाचतील. ओपीडीत "काउन्सेलिंग हवंय" म्हणू नका, "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणत्या वारी असतात" असं विचारा, आणि तो वार केसपेपरवर लिहून घ्या. डॉक्टरांना सरळ विचारा, माझ्या आजाराला कोणती थेरपी चालते, तिचं नाव लिहून द्या, त्यांना राग येत नाही, उलट बरं वाटतं. थेरपी देणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारा किती सेशन होतील, दर वेळी तुम्हीच असाल का, आणि घरी काय करायचं. नुसतं ऐकून घेऊन "या पुढच्या आठवड्यात" म्हणत असतील आणि तीन-चार भेटींनी काहीच पुढे जात नसेल तर तसं बोला. एकटीला आत बसायचं असेल तर तसं सांगा, तुम्ही काय बोललात ते गुप्त ठेवणं हाही त्याच कायद्यातला तुमचा हक्क आहे. आणि जिल्ह्याला नाहीच जमलं तर मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग गाठा, खास करून जिथे क्लिनिकल सायकॉलॉजीचं शिक्षण चालतं. तिथे शिकणारी मुलं असतात, त्यांच्यावर सिनियरचं लक्ष असतं, आणि त्यांच्याकडे सगळ्यात दुर्मिळ गोष्ट असते, वेळ. "शिकाऊ आहे" म्हणून नाक मुरडू नका.

आम्हाला शेवटी अशाच एका शिकणाऱ्या मुलीकडे नंबर लागला, सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. पहिल्या सेशनला तिने काहीच शिकवलं नाही, फक्त भीतीची शिडी लिहून काढली, खालच्या पायरीवर घरातली कडी, वरच्या पायरीवर एसटी स्टँडचं बाकडं. सहाव्या सेशनला बहिणीने एसटीचा दांडा पूर्ण प्रवासभर धरला आणि घरी येऊन चाळीस मिनिटं हात न धुता बसली. रडली, मला शिव्या दिल्या, मग म्हणाली ताई चहा टाक.

अजून चार सेशन बाकी आहेत, आणि जूनमध्ये त्या मुलीचा कोर्स संपतोय. त्याच्या आत बसवायची म्हणून पुढच्या चारही गुरुवारच्या सुट्ट्या मी आत्ताच टाकून ठेवल्यात.